डोमाजी, वरण मी चाखत होते

डोमाजी, खानावळ बंद केली. परवा शेवटची पंगत उठली, काल चुली फोडल्या, आज विटा आवारात रचून ठेवल्या. गोंदियाच्या रेल्वे फाटकावर लोक एकमेकांना सांगतात की आचारी मेला म्हणून म्हातारीने खानावळ मोडली. ते अर्धंच खरं आहे. मरायच्या सहा महिने आधीच तू चूल सोडून गेला होतास, आणि का गेलास ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. जेवणाऱ्यांना खरं काय ते सांगा, मग परत येतो, एवढीच तुझी अट होती. मी सांगितलं नाही. तू मेल्यावर सांगितलं. तेही सगळ्यांना सांगून झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तू देवमाणूस होतास वगैरे मी लिहिणार नाही. तू हट्टी होतास. भांडायचा नाहीस, गप्प बसायचास, आणि ते गप्प बसणं शिवीपेक्षा वाईट असायचं. चुलीजवळ कोणी चप्पल घालून आलं तर तोंडाने काही न बोलता हातातलं काम ठेवून उभा राहायचास, तो माणूस ओशाळून परत जाईपर्यंत. माझ्यावरही हा प्रयोग पुष्कळदा झाला.

तू आलास तो पावसाळा स्वराज्याचा. माझा नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता. तो गेल्यावर फाटकापलीकडे नागऱ्याच्या रस्त्याला हे चार खोल्यांचं घर होतं, तिथे मी रेल्वेच्या माणसांना जेवू घालत होते. माझ्या हातचं लोक भुकेने खायचे, आवडीने नाही. मला ते ठाऊक होतं. तू नागऱ्याच्या महादेवाच्या भंडाऱ्याच्या जेवणावळीत रांधायला शिकलेला, कुठून तरी ऐकून आलास आणि म्हणालास, काम आहे का. मी म्हटलं, आधी वरण करून दाखव. तू केलंस. मी पळीभर हातावर घ्यायला गेले तर तू गंज, म्हणजे वरणाचं पातेलंच, बाजूला ओढलास.

"बाई, अजून त्याचं पान निघालं नाई," म्हणालास. भिंतीवर मी महादेवाची तसबीर लावली होती, तिच्याकडे हनुवटी केलीस.

मी म्हटलं, मीठ कमी-जास्त झालं असलं तर?

"नाई होनार."

"आणि झालं तर?"

"तं मी जाईन."

मला राग आला होता. माझं घर, माझी चूल, माझी डाळ, आणि हा मला चाखू देत नाही. तरी तुला ठेवलं, कारण पान काढून झाल्यावर मी जेवले. मीठ जिथे हवं तिथेच होतं.

तुझी रीत सगळ्यांना ठाऊक झाली पुढे. देवाच्या आधी जीभ लागली की अन्न उष्टं. म्हणून तू कधीच चाखत नसायचास. मीठ टाकलंस की वाकून वाफ नाकावर घ्यायचास, डोळे मिटून. मीठ पुरतं पडलं की वाफेचा वास बदलतो, असं तू सांगायचास. मी कितीदा नाक घातलं गंजात, मला डाळीचाच वास आला. तुला कळायचं. मग झाकण ठेवून विहिरीवर जायचास, दोन बादल्या अंगावर घेऊन ओल्या धोतराने परत यायचास, पळसाच्या पत्रावळीवर देवाचं पान काढायचास, आणि मग पंगत. शेवटचा दिवस सोडला तर हा क्रम कधी चुकला नाही. मधे आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो, आता तिसरं झालं म्हणतात. तुझा क्रम तोच.

खानावळ त्यावरच उभी राहिली. नुसत्या चवीवर राहिली असती असं मला वाटत नाही. चव तर होतीच. चिन्नोर तांदळाचा भात तू पेज काढून असा मोकळा करायचास की फाटकाशी थांबलेले लोक वासाने आत वळायचे. पण विडी कारखान्याचे मुनीमजी, जे स्वतःचा लोटा घेऊन हिंडायचे आणि गोंदियात कुठेच अन्नाला शिवत नसत, ते आपल्याकडे आले ते चवीसाठी नाही. त्यांनी पहिल्या दिवशी दारातच विचारलं होतं, यहाँ चखते तो नहीं? तू नुसती मान हलवलीस. त्यानंतर ते रोज आले. त्यांच्यामागून गार्डसाहेब आले, त्यांचंही सोवळं कडक. शाळेचे गुरुजी आले, ते सोवळं मानत नाही म्हणायचे, पण जिथे मुनीमजी बसतात तिथे बसायला त्यांना आवडायचं.

एक गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही, ती लिहिते. एका दुपारी इंजिनावरचा एक नवा माणूस जेवायला बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तो शेजाऱ्याला म्हणाला, जेवताना समोर बोडकी बाई कशाला, घास उतरत नाही. मला ऐकू आलं, ऐकू यावं म्हणूनच म्हणाला होता. मी आत वळले. तू भात वाढत होतास. त्याच्या पानासमोर थांबलास आणि म्हणालास, "भात बाईच्या घरचा हाय. तुले उतरत नसन तं ऊठ." तो उठला नाही. तू त्याला वाढलंही नाहीस. रिकाम्या पानासमोर तो पंगत संपेपर्यंत बसून राहिला. तेव्हाच तुला काही म्हणायला हवं होतं. मी तुला म्हटलं काय, तर भाजी थोडी उरली आहे, झाकून ठेव. एवढंच.

मग तुला ताप आला. हिवताप होता, पंधरा दिवस तू खाटेवर होतास, मी तुला पेज पाजली आणि तू प्रत्येक वेळी ती मी नीट केली नाही असं तोंड केलंस. ताप उतरला, तू चुलीवर परत आलास. आठवड्याभरात एका सकाळी भात खाली लागला. करपल्याचा वास फाटकापर्यंत गेला, फाटकवाला तिथून ओरडला, बाई काय जळून राहिलं. तू चुलीला लागून उभा होतास. वास आल्याचं तुझ्या तोंडावर काही दिसत नव्हतं. फाटकवाल्याचं ओरडणं ऐकून तू गंज उतरवलास आणि माझ्याकडे बघितलंस, मी बघते आहे का म्हणून. मी तांदूळ निवडते असं दाखवलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वरण खारट झालं. मुनीमजी दोन लोटे पाणी प्यायले. गार्डसाहेबांनी वरण सोडून ताक मागितलं. तुझा मान म्हणून कोणी शब्द काढला नाही. पण तू वाफेवर वाकत होतास, डोळे मिटत होतास, सगळं तसंच करत होतास. तुझ्या नाकाला काही कळत नव्हतं आणि तू कळतं असं दाखवत होतास. हे मला दिसलं. तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू गेला असतास, पहिल्या दिवशीच तसं म्हणाला होतास, आणि तू म्हटलेलं करायचास.

मग मी माझ्या अकलेने केलं. तुला सांगितलं की मी अळणीचं व्रत घेतलं आहे, माझं वरण मीठ टाकायच्या आधी बाजूला काढून ठेवत जा. तू खूश झालास. म्हणालास, या वयात बाईले देव आठवला. तू विहिरीवर गेलास की मी गंजाचं झाकण काढायचे, पळीने चाखायचे. मीठ जास्त असेल तर माझं अळणी वरण त्यात ओतायचे, कमी असेल तर चिमूट टाकायचे, आणि तू ओल्या पावलांनी परत यायच्या आत तांदळाच्या सुपाशी बसायचे. माझ्या वाटीत मग मीठ पडलेलंच वरण असायचं. व्रत मी एक दिवसही पाळलं नाही.

दोन वर्षं हे चाललं. लोक म्हणायचे डोमाजीचा हात पुन्हा बसला. तू ऐकून मान खाली घालायचास आणि दुसऱ्या दिवशी वाफेवर जरा जास्त वाकायचास. मला वाटतं तुलाही नवल वाटत असेल. किंवा तू मानलं असशील की तोच सांभाळतो. सांभाळत मी होते.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तुझी बादली विहिरीत पडली. ती काढायला गळ हवा होता, तो घ्यायला तू आत आलास. माझ्या एका हातात पळी होती, ती तोंडाशी होती. दुसऱ्या हातात अळणी वरणाची वाटी. तू पळी बघितलीस, मग वाटी बघितलीस. तुला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

"कवापासून?"

"तुझा ताप उतरला तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

मग तसबिरीकडे हनुवटी करून विचारलंस, "अन् त्याले बी हेच?"

मी म्हटलं, त्याने कधी तक्रार केली नाही. इथे मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मला तोंड बंद ठेवता आलं असतं तर मी खानावळ चालवली नसती.

तू गळ घेतलास, बादली काढलीस, आंघोळ केलीस, परत आलास आणि देवाचं पान काढलं नाहीस. मग पंगतीला वाढायला गेलास. मी दाराच्या चौकटीला धरून होते. प्रत्येक पानासमोर तू थांबलास की मला वाटायचं, आता बोलणार. मुनीमजींच्या समोर पळी भरून उभा राहिलास. ते म्हणाले, डोमाजी, आज दाल बहुत बढ़िया है. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मग तू त्यांना आणखी वाढलंस आणि पुढे गेलास.

पंगत उठल्यावर तू गाठोडं बांधलंस. बांधता बांधता म्हणालास, त्याहीले सांगा. मी म्हटलं, सांगितलं तर उद्या एक माणूस येणार नाही. नाई येतीन, तू म्हणालास. मी म्हटलं, विधवेच्या तोंडचं दोन वर्षं खाल्लं असं कळल्यावर मुनीमजी काशीला जाऊन प्रायश्चित्त घेतील, मी काय करू? ते मले नाई मालूम, तू म्हणालास. मला संताप आला. मी म्हटलं, तुला एवढं आहे तर तूच सांग, पंगतीत तोंड का उघडलं नाहीस?

तेव्हा तू गाठ मारायचा थांबलास.

"मी सांगतलं तं लोक मले माफ करतीन. मी भोळा ठरन, तुमी चोर ठरसान. म्हनून मी नाई सांगत. तुमीच सांगा. सांगतलं की निरोप धाडा, मी येतो."

आणि छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीने नवेगावकडे बहिणीच्या गावी गेलास.

पुढचे दिवस मी एकटीने रांधलं. मीठ बरोबर होतं, कारण मीठ तर दोन वर्षं माझंच होतं. तरी पहिल्याच दिवशी मुनीमजींनी चौथ्या घासाला मान वर केली आणि विचारलं, डोमाजी नहीं है? दोन वर्षं मला मनात वाटत होतं की ही खानावळ मीच चालवते आहे, तू नुसता उभा आहेस. तू गेल्यावर कळलं की मीठ तेवढं माझं होतं. भात कधी उतरवायचा, जाळ कधी ओढायचा, वांगं कोणत्या चुलीवर भाजायचं, वाढताना कोणाच्या पानात हात सैल सोडायचा, हे सगळं तुझं होतं, आणि त्यातलं काही मी शिकले नव्हते, कारण मी सगळा वेळ फक्त मिठावर डोळा ठेवून होते.

लोकांना मी सांगितलं की बहीण आजारी आहे, डोमाजी येईल. गार्डसाहेब घरून डबा आणायला लागले. गुरुजी एक दिवसाआड यायला लागले. मुनीमजी मात्र रोज यायचे, लोटा शेजारी ठेवून बसायचे. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की तू चाखतेस का. तुझी रीत ती इथली रीत, असं धरून ते जेवत होते. मी रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. आणि रोज दुपारी वाढायचे.

मग मी तुझ्याकडे आले. पंगतीला सांगून आले नव्हते, न सांगताच आले होते. पण छोट्या गाडीत बसले असताना मला एक गोष्ट सुचली. देवाचं पान आधी काढावं, बाजूला ठेवावं, आणि मग चाखावं. देवाला उष्टं जात नाही आणि माणसाला खारट जात नाही. एवढीशी गोष्ट. दोन म्हाताऱ्या माणसांना दोन वर्षांत सुचली नाही. मला सुचली नाही कारण मी लपवण्यात गुंतले होते, आणि तुला सुचली नाही कारण चाखायची गरज पडेल हेच तुला मान्य नव्हतं.

तुझ्या बहिणीचं, सकूबाईचं, घर बांधाच्या कडेला. तू ओसरीवर लाखोरीच्या शेंगा सोलत बसला होतास. वाळला होतास. सकूबाईने मला पाणी दिलं आणि तीही शेंगा सोलायला बसली. मी लगेच सुचलेलं सांगितलं. तू शेंग हातात धरून विचार करत राहिलास, आणि मग हसलास. तुझे दात मी इतक्या वर्षांत चार-पाचदाच बघितले असतील.

"हे आधी काऊन नाई सुचलं, बाई?"

"तुला तरी कुठे सुचलं?"

आपण तिघंही हसलो. मला वाटलं काम झालं. मी म्हटलं, मग चल, दुपारची गाडी आहे. तू शेंग सोलून दाणे सुपात टाकलेस आणि म्हणालास, "अन् आधीचं?"

"आधीचं पचलं त्यांना."

"मले नाई पचलं."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, मला खरं सांगायला लावतोस, तुझं नाक गेलं ते तू कोणाला सांगितलंस? वाफेवर वाकून डोळे मिटत होतास ते काय होतं? मी जिभेने फसवलं, तू नाकाने फसवलंस. सकूबाईचा हात थांबला. तिला ठाऊक नव्हतं. भावाचं नाक गेलं हे त्या बाईला माझ्या तोंडून कळलं, आणि तेही भांडणात. ते मला आजही टोचतं.

तू सावकाश म्हणालास, "तेबी सांगा."

"तुझं नाव जाईल."

"नाकच गेलं, मंग नावाचं काय लोनचं घालू?"

तू गाडीवाटेपर्यंत आलास. बैलगाडीत चिन्नोरचं एक गाठोडं ठेवलंस, बहिणीच्या धानाच्या बांधीचा तांदूळ. सांगतलं तं निरोप धाडा, एवढंच पुन्हा म्हणालास. मी म्हटलं, पाहते. दोन महिने पाहत राहिले. विसरले नव्हते, डोमाजी. घाबरले होते. वयाच्या या टोकाला खानावळ गेली तर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसायचं, हे मला दिसत नव्हतं. तुला बहीण तरी होती.

मग पोस्टकार्ड आलं, मयताच्या बातमीचं असतं तसं कोपरा फाडलेलं. तो फाडलेला कोपरा दिसल्यावर मी ते वाचायच्या आधी चुलीवरचं दूध उतरवलं. मग वाचलं. सकूबाईने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. ताप पुन्हा आला, तीन दिवसांत गेला. खाली एक ओळ होती, की डोमाजी रोज पोस्टमनची वाट बघत होता.

ती ओळ तिने घालायला नको होती. पण घातली ते बरं झालं.

तुझी तेरवी तिने गावात केली. दुसऱ्या दिवशी मी इथे पंगत ठेवली आणि जुन्या सगळ्यांना निरोप धाडले. नऊ जण आले. गार्डसाहेब आले, गुरुजी आले, मुनीमजी लोटा घेऊन आले. मी तुझा चिन्नोर शिजवला. भात तुझ्यासारखा झाला नाही, थोडा चिकटला. देवाचं पान आधी काढलं आणि तसबिरीखाली ठेवलं. मग वरण चाखलं, जे करायचं ते केलं. पत्रावळी मांडल्या, पाणी दिलं, आणि वाढायच्या आधी पंगतीसमोर उभी राहिले. वाढून झाल्यावर सांगता आलं असतं. वाढल्या पानावरून कोणी उठत नाही. तेवढ्यासाठीच आधी सांगितलं.

मी म्हटलं, जेवायच्या आधी ऐका. डोमाजीचं नाक तापात गेलं होतं. वरणाचं मीठ दोन वर्षं मी सांभाळत होते, चाखून, देवाच्या पानाआधी आणि तुमच्या पानाआधी. त्याला ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी तो गेला, आणि तुम्हाला सांगा म्हणून गेला. बहीण आजारी होती हे खोटं. ज्याला उठायचं असेल त्याने उठावं.

बाहेर मालगाडी जात होती, ती लांबलचक होती, तिचे सगळे डबे जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग गार्डसाहेब उठले. त्यांनी रिकामी पत्रावळ दुमडली, मला नमस्कार केला आणि गेले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्यामागून दोघं उठले. मग गुरुजी म्हणाले की सकाळपासून पोट बरं नाही, नुसते डोमाजीसाठी आलो होतो, आणि तेही गेले. सोवळं न मानणारे गुरुजी. जाताना त्यांनी चप्पल उलटी घातली.

मुनीमजी लोट्यावर हात ठेवून बसले होते. पानाकडे बघत होते.

"दो बरस?"

"दो बरस."

"और आज?"

"आज भी चखा. भगवान का पान पहले निकाला, फिर चखा."

माझ्या हातातला वरणाचा गंज जड झाला होता, पण तो खाली ठेवला तर पंगत मोडली असं दिसलं असतं, म्हणून धरून होते.

"नमक ठीक है?"

"ठीक है."

"तो परोसो."

मी वाढलं. ते जेवले. बाकीचे चौघं त्यांच्याकडे बघून जेवले. मुनीमजी वरण नेहमी दोनदा घ्यायचे, परवा एकदाच घेतलं. पान मात्र चाटून पुसून ठेवलं. याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही, तू असतास तर तुला कळलं असतं.

पाच माणसांवरही खानावळ रखडत चालली असती. पण दुसऱ्याच्या नावावर रांधायचा मला कंटाळा आला. घराची पुढची एक खोली भाड्याने देईन, मागच्या खोलीत मी राहीन. सकूबाईने निरोप धाडला आहे की बांधावर येऊन राहा. जाईन असं वाटत नाही. पण तिने विचारलं.

त्या दोन वर्षांत जे इथे जेवले आणि बदली होऊन डोंगरगड, बिलासपूर, नागपूरकडे गेले, त्यांना निरोप धाडता आला नाही. पत्ते माझ्याजवळ नाहीत. म्हणून हे छापायला देते आहे, त्यांनी इथे वाचावं. वरण मी चाखत होते. ज्याला रागवायचं असेल त्याने माझ्यावर रागवावं, डोमाजीवर नाही. आणि ज्याला तेव्हा वरण आवडलं होतं, त्याने तेही विसरू नये.

आता एकच राहिलं. परवा देवाचं पान काढून झाल्यावर चाखलं, तेव्हा कळलं की वरणात मीठ कमी पडलं होतं. गंजातलं मी नीट केलं. पण निघालेल्या पानाला हात लावायचा नाही हा तुझा नियम, म्हणून ते तसंच ठेवलं. तो अळणी जेवला. त्याने विचारलं तर तू उत्तर दे, डोमाजी. माझं सांगून झालं.